चेक बाउन्सच्या केसमध्ये समोरचा निर्दोष सुटला, त्यानंतरचं वर्ष

चेक बाउन्स झाला की नोटीस कशी पाठवायची, तीस दिवस कुठून मोजायचे, पंधरा दिवस कोणाचे, यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. पण केस वर्षानुवर्षं चालते, निकाल लागतो आणि समोरचा निर्दोष सुटतो, मग पुढं काय, यावर आम्हाला साध्या मराठीत जवळजवळ काहीच सापडलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही, घरी शिकवण्या घेते, त्यामुळे हा सल्ला समजू नका, आमच्यासोबत काय काय झालं तेवढंच सांगतेय.

मागचं थोडक्यात. मिस्टरांच्या ओळखीतल्या एकांना, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, साडेचार लाख हातउसने दिले होते. अडीच लाख बँकेतून ट्रान्सफर, दोन लाख रोख. त्यांनी साडेचार लाखांचा चेक माझ्या नावाने दिला, तो "फंड्स इन्सफिशिएंट" म्हणून परत आला, आम्ही वकिलांमार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, पोचपावतीवर त्यांची सही आली पण उत्तर काही आलं नाही. (ही पोचपावती लक्षात ठेवा, पुढं कामाला येते.) मग २०२१ मध्ये जेएमएफसी (मॅजिस्ट्रेट) कोर्टात कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची फिर्याद. समन्स बजावायलाच कितीतरी महिने गेले, मग जामीन, प्ली (गुन्हा कबूल आहे का ते विचारणं), माझं सरतपासाचं, म्हणजे माझ्या साक्षीचं शपथपत्र, आणि मग उलटतपास, म्हणजे समोरच्या वकिलांचे प्रश्न.

उलटतपास मी विसरणार नाही. चेकवरच्या सहीबद्दल एक प्रश्न नाही, सगळे प्रश्न माझ्या कमाईवर. किती मुलं येतात, फी किती, पावती देता का, रिटर्न भरता का, दोन लाख रोख घरात कुठून आले. मी म्हटलं फी वहीत लिहिते, काही पैसे भिशीचे होते. "वही आणलीय का?" नव्हती आणली, कारण वही लागेल असं कोणी म्हटलंच नव्हतं. दादांचा बचाव असा, की अडीच लाख त्यांनी कधीच फेडले, आणि चेक कोरा सही करून मिस्टरांकडे विश्वासाने ठेवला होता, त्यावर रक्कम आम्हीच लिहिली. फेडल्याचा कागद एकही दाखवला नाही, स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यातही आले नाहीत.

मार्च २०२५ मध्ये निकाल. मिनिटभराचं काम. आरोपीला निर्दोष मुक्त करण्यात येत आहे, झालं. वरच्या कोर्टाची नोटीस आली तर हजर राहीन असा सहा महिन्यांचा बॉण्ड त्यांच्याकडून घेतलेला होता, तेवढं एक. मला बाहेर आल्यावर रडू वगैरे आलं नाही, राग पण नाही, नुसतं डोकं बंद पडल्यासारखं झालं. दादांच्या घरची माणसं पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली होती.

आता पहिली कामाची गोष्ट. निकाल लागला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नक्कल विभागात सर्टिफाईड कॉपीचा अर्ज टाका. निकाल ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसतो, पीडीएफ पण मिळते, पण अपिलाला ती चालत नाही, शिक्क्याची नक्कल लागते. आरोपीला शिक्षा झाली तर त्याला निकालाची कॉपी फुकट मिळते, आपल्याला पैसे भरावे लागतात, पण आम्हाला सगळे मिळून काही शेच लागले. नक्कल तयार व्हायला जेवढे दिवस लागतात ते मुदतीतून वजा होतात, पण अर्ज केल्यापासून, म्हणून अर्ज लवकर. नकलेच्या मागच्या पानावर अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख असा शिक्का असतो, तो नीट उमटलाय ना बघून घ्या, आमच्या वेळी एक तारीख पुसट होती तर परत खिडकीत द्यावी लागली.

निकाल घरी आणून वाचला. निर्दोष सोडायची कारणं मुख्यतः दोन. एक, एवढी रक्कम द्यायची माझी ऐपत मी सिद्ध केली नाही. दोन, वीस हजारांच्या वर रोखीने कर्ज देणं-घेणं आयकर कायद्याच्या कलम २६९एसएस मध्ये बसत नाही, त्यामुळे हे "कायदेशीर वसूल करता येण्याजोगं देणं" नाही. आणि चेक एकच होता म्हणून बँकेतून दिलेले अडीच लाखही त्यातच बुडाले.

आमच्या वकील मॅडम म्हणाल्या, यावर अपील आहे, पण थेट नाही. खासगी फिर्यादीत, म्हणजे आपण स्वतः कोर्टात केलेल्या केसमध्ये, आरोपी सुटला तर हायकोर्टाची आधी स्पेशल लिव्ह, म्हणजे अपील करायची परवानगी मागावी लागते, त्याला मुदत साठ दिवस, आणि परवानगी नाकारली की त्या निकालावर अपिलाचा विषय संपला. आमच्या जिल्ह्याला छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. तिथले वकील वेगळे, फी वेगळी. पस्तीस हजार ठरले, त्यातले वीस आधी. जुने सगळे कागद, जबाब, निशाण्या (कोर्टाने क्रमांक दिलेले पुराव्याचे कागद), मराठीतल्या कागदांची इंग्रजी भाषांतरं, टायपिंग, झेरॉक्स, हे वेगळंच. मे मध्ये अर्ज मुदतीत दाखल झाला, मग सुट्टी, मग नुसतं बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, नाव येतंय का बघत बसायचं.

आणि जूनमध्ये मॅडमचा रात्री फोन. "सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आलाय, तुमच्यासारख्याच मॅटरमध्ये, उद्या येऊन जा."

तो निकाल म्हणजे सेलेस्टियम फायनान्शियल विरुद्ध ए. ज्ञानशेखरन. ८ एप्रिल २०२५ चा, न्या. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांचा, पण सगळीकडे चर्चा सुरू झाली ती जूनमध्ये. तमिळनाडूतली एक फायनान्स कंपनी, चेक बाउन्स, आरोपी सुटले, मद्रास हायकोर्टाने स्पेशल लिव्ह नाकारली. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ज्याचा चेक वटला नाही त्याचं आर्थिक नुकसान झालेलंच आहे, म्हणजे तो नुसता फिर्यादी नाही, तो पीडितही आहे. आणि पीडिताला निर्दोष मुक्ततेवर अपील करायचा हक्क सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३७२ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात आहेच, २००९ च्या दुरुस्तीपासून. त्याला परवानगी लागत नाही. आणि ते अपील कुठं करायचं, तर शिक्षा झाली असती तर आरोपीने जिथे केलं असतं तिथे. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्स कोर्टात! आमच्याच जिल्ह्यात!

मला हे कळायला दोनदा ऐकावं लागलं. कुठली ती कंपनी, कुठले ते लोक, त्यांना आमचं नावही माहीत नाही, आणि त्यांच्या भांडणामुळे आमचा रस्ता बदलला. पण आपोआप काही बदलत नाही हं. हायकोर्टातला आमचा अर्ज तसाच पडून राहिला असता, कोणी पत्र पाठवून सांगत नाही की आता तुम्हाला दुसरा मार्ग उघडलाय. मॅडमनी वाचलं म्हणून.

फायदे-तोटे आम्ही टेबलावर बसून मांडले. हायकोर्टात परवानगीचीच पायरी अवघड, सेशन्सला ती पायरीच नाही. सेशन्स कोर्ट पुरावा पहिल्यापासून बघू शकतं, आणि तिथं हरलो तरी वर हायकोर्टात रिव्हिजन, म्हणजे निकाल तपासून बघा असा अर्ज, उरतं. अर्थात समोरच्यालाही तेच उरतं, म्हणजे जिंकलो तरी लांबणारच. आणि हायकोर्टाच्या वकिलांना दिलेले वीस हजार गेले ते गेलेच. मिस्टर म्हणाले सोडून देऊ आता, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं, पण त्या निकालपत्रातलं "ऐपत सिद्ध केली नाही" हे वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

ऑगस्टमध्ये हायकोर्टातला अर्ज मागे घेतला. इथं एक गोष्ट फार महत्त्वाची: नुसता मागे घ्यायचा नाही. सेशन्स कोर्टात अपील दाखल करायची मुभा देऊन मागे घेऊ द्यावा, असं मागायचं आणि ते ऑर्डरमध्ये लिहून घ्यायचं. ऑर्डर दोन परिच्छेदांची, पण आमच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया तीच.

सप्टेंबरमध्ये सेशन्सला अपील. शीर्षकात मॅडमनी दोन्ही कलमं घातली, जुनं सीआरपीसी ३७२ आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातलं बीएनएसएस ४१३, कारण फिर्याद जुन्या कायद्यातली आणि अपील १ जुलै २०२४ नंतरचं, उगाच कोणी त्यावर अडवायला नको. या परंतुकात मुदत किती ते लिहिलेलंच नाही, तरीही खबरदारी म्हणून उशीर माफीचा अर्ज जोडला, त्यात हायकोर्टात गेलेला सगळा वेळ तारखांसकट दाखवला. वकिलांची फी तीस हजार, दोन हप्त्यांत. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन बघा, महिलांना तिथे मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे मला फार उशिरा कळलं.

दादांना नोटीस काढली तर बेलीफचा रिपोर्ट "घर बंद". पुढच्या तारखेला परत तेच. मग मॅडमनी हमदस्त मागितलं, म्हणजे नोटीस आपल्या हातात घेऊन आपण बजवायची आणि शपथपत्र द्यायचं. मिस्टर आणि त्यांचा एक मित्र सकाळी सातला गेले, दादा अंगणात झाडांना पाणी घालत होते, सही करून दिली. काही बोलले नाहीत म्हणे, चहा घेणार का तेवढं विचारलं. हे मला ऐकून कसंतरीच झालं, एवढी वर्षं एकमेकांकडे येणंजाणं होतं शेवटी.

याच दरम्यान, २५ सप्टेंबर २०२५ ला, सुप्रीम कोर्टाचा आणखी एक निकाल आला. संजाबिज तारी विरुद्ध किशोर बोरकर. गोव्याचं प्रकरण, मित्राला दिलेले सहा लाख, आणि बचाव ओळखीचाच, की चेक कोरा दिला होता. खालच्या दोन कोर्टांनी शिक्षा दिलेली, हायकोर्टाने सोडलेलं, सुप्रीम कोर्टाने शिक्षा परत कायम केली. मी तो निकाल प्रिंट काढून वाचला, इंग्रजी जड आहे, पण आपली केस डोक्यात असली की बरंचसं कळतं. त्यात आमच्यासाठी तीन गोष्टी होत्या. रोख वीस हजारांच्या वर दिले म्हणून व्यवहार बेकायदेशीर किंवा रद्द ठरत नाही, आयकर कायद्यात त्याला वेगळा दंड आहे तेवढाच. (आणि मॅडमनी दाखवलं तेव्हा कळलं, २६९एसएस ची बंदी कर्ज घेणाऱ्यावर आहे, देणाऱ्यावर नाही! आमच्या निकालात ते माझ्यावर लावलं होतं.) दुसरं, नोटीस मिळूनही उत्तर दिलं नाही तर फिर्यादीच्या म्हणण्यात तथ्य आहे असा अंदाज काढता येतो. तिसरं तडजोडीच्या खर्चाबद्दल, ते पुढं येतंच.

उशीर माफ व्हायला नोव्हेंबर उजाडला. मग खालच्या कोर्टातून आर अँड पी, म्हणजे मूळ सगळं रेकॉर्ड, मागवलं. हे एका इमारतीतून शेजारच्या इमारतीत यायचं असतं, तरी त्याला आठवडे लागतात आणि दर तारखेला रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) एकच ओळ, "आर अँड पी अप्राप्त". एकदा मॅडमच्या ज्युनिअरने खालच्या कोर्टाच्या क्लार्कला जाऊन विनंती केली, पत्राचा जावक क्रमांक दाखवला, मग हललं. तुमचंही अडकलं तर तो जावक क्रमांक आधी मिळवा, नुसतं "अजून आलं नाही का हो" विचारून काही होत नाही.

जानेवारीत युक्तिवाद. दादांच्या वकिलांनी चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य, २००७, हा निकाल दाखवला. त्याचा अर्थ असा की अपिलात कोर्ट सगळा पुरावा परत तपासू शकतं, पण एकदा निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बाजूने निर्दोषत्वाचं गृहीतक आणखी पक्कं होतं, आणि दोन मतं शक्य असतील तर खालच्या कोर्टाचं मत बदलू नये. हे ऐकून मी घाबरलेच. ऐपतीसाठी त्यांनी बसलिंगप्पा विरुद्ध मुदिबसप्पा, २०१९, पण दिला. मॅडमनी उत्तरात तेधी सिंग विरुद्ध नारायणदास महंत, २०२२, काढला: नोटिशीच्या उत्तरात ऐपतीचा मुद्दा घेतलेलाच नसेल तर फिर्यादीने सुरुवातीलाच ऐपतीचा पुरावा द्यावा अशी अपेक्षा करता येत नाही. कोऱ्या चेकवर बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार, २०१९, सही स्वतःची असेल तर बाकी मजकूर दुसऱ्याने भरला तरी चेक देणं फेडायलाच दिला हे गृहीतक लागू होतं. प्रत्येक निकालाची कॉपी, आणि ज्या परिच्छेदावर बोलायचंय तिथे पिवळी खूण. जज साहेबांनी खरंच तेवढेच परिच्छेद वाचले.

मग त्यांनी समोरच्या वकिलांना विचारलं, "नोटिशीला उत्तर का दिलं नाही?"

"नोटीस मिळालीच नाही साहेब."

साहेबांनी फाईल उलटत उलटत पोचपावतीची निशाणी काढली, वकीलपत्रावरची सही काढली, दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या आणि काही न बोलता पुढं लिहायला लागले. एवढंच. पण त्यानंतर समोरच्या वकिलांचा आवाज बदलला, हे माझ्यासारख्या बाईलाही कळलं.

त्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये समोरच्या वकिलांनी मॅडमना बाजूला घेतलं. तडजोड करायची का. आधी चार लाख म्हणाले. मला निकाल हवा होता, खरंच हवा होता, खालच्या कोर्टाचं ते वाक्य पुसलं गेलेलं बघायचं होतं. मॅडमनी शांतपणे सांगितलं की शिक्षा झाली तरी ते रिव्हिजनला जाणार, शिक्षेला स्थगिती मागणार, पैसे हातात यायला परत वर्षं जाऊ शकतात. दोन दिवस घरात यावर वाद. शेवटी पाच लाखांवर ठरलं, अर्धे लगेच डीडीने, उरलेले दोन हप्त्यांत.

तडजोडीत आरोपीला चेकच्या रकमेवर काही टक्के खर्च भरावा लागतो, तो आपल्याला मिळत नाही, विधी सेवा प्राधिकरणाला जातो. दामोदर प्रभू विरुद्ध सय्यद बाबालाल या २०१० च्या निकालाप्रमाणे सेशन्सला हा १५ टक्के होता, आमच्या चेकवर ६७,५०० झाले असते. संजाबिज तारीने तो ७.५ टक्क्यांवर आणला, म्हणजे ३३,७५०. समोरचा तयार व्हायला हा फरक पण कारणीभूत असणार असं माझं मत. खालच्या कोर्टात हे जितकं लवकर होईल तितकं स्वस्त, बचावाचा पुरावा नोंदवायच्या आधी तडजोड झाली तर नव्या नियमाने खर्च शून्य. तुमची केस अजून त्या टप्प्यावर असेल तर समोरच्याला हे जरूर कळू द्या.

आणि तडजोड करताना हे बघा: शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याशिवाय केस मिटल्याच्या पुरसीसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करायची नाही. आमच्यात फक्त अटींची पुरसीस आधी दिली, अपील तारखांवर चालू ठेवलं, हप्ता चुकला तर अपील गुणदोषांवर पुढं चालेल असं त्यात लिहून घेतलं. दुसरा हप्ता आठ दिवस उशिरा आला, ते आठ दिवस मी बँकेचा मेसेज बघत काढले. तिसरा वेळेवर आला, खर्चाची पावती त्यांनी जोडली, आणि ऑर्डर झाली. त्या ऑर्डरमध्ये माझ्या ऐपतीबद्दल अर्थातच एक शब्द नाही, तडजोडीत तसं काही लिहित नाहीत.

आता एकच काम राहिलंय. बँकेचा परतीचा मेमो, पोचपावती, असे माझे मूळ कागद अजून कोर्टाच्या रेकॉर्डला आहेत. ते आपोआप परत मिळत नाहीत, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, झेरॉक्स लावून. आर अँड पी परत खालच्या कोर्टात पोचलं की मगच तो घेतील म्हणाले, त्यामुळे यावेळी जावक क्रमांक मी आधीच लिहून घेतलाय.